साहेबांचे पाय

आमच्या कोंडाजी आबांच्या हातात पेपर दिला की ते आधी फोटो शोधायचे. फोटो सापडला की पुढाऱ्याच्या तोंडावर अंगठा ठेवायचे आणि उरलेला पुढारी बघायचे. म्हणजे धोतर, गुडघे, पाय. बराच वेळ बघायचे, पेपर जवळ घ्यायचे, लांब धरायचे, आणि मग मान हलवून निकाल द्यायचे, "मागचा डावा ढिला हाय."

माणसाला मागचा डावा पाय नसतो, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं.

"तुला नसंल," ते म्हणाले.

आबा म्हणजे बैलबाजारातले दलाल. सोनईच्या अलीकडे आमचं गाव, आणि घोडेगावचा बाजार पायी जाण्याच्या अंतरावर. त्या बाजारात आबांनी हो म्हटलेला बैल लोक डोळे मिटून घ्यायचे. त्यांचं शास्त्र सोपं होतं. विकणारा माणूस बैलाचं तोंड सजवतो. शिंगं साळतो, हिंगूळ लावतो, गोंडे बांधतो, गळ्यात घुंगुरमाळ घालतो. पायाचं मात्र त्याला काही करता येत नाही. म्हणून आबा बैलाच्या तोंडासमोर उभेच राहायचे नाहीत. आल्या आल्या मागच्या बाजूला जाऊन खाली उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, "आधी चालवून दाखवा."

बैलापुरतं होतं तोवर ठीक होतं हो. पण माझ्या धाकट्या बहिणीला बघायला स्थळ आलं, तेव्हा शेजारचे वडीलधारे म्हणून आबांना बोलावलं. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं, आणि आबा मुलाला म्हणाले, "जरा अंगनात दोन चकरा मारून दाखवा." मुलगा बिचारा कृषी खात्यात नोकरीला. त्याने घाबरून मारल्या. आबा म्हणाले, "चांगला हाय. पर वळताना बुजतो." लग्न झालं, आज त्यांना दोन पोरं आहेत, पण जावई अजून आमच्याकडे आले की आबांचं दार टाळून मागच्या बोळातून येतात.

मी बबन. एस. टी. थांब्यापाशी माझं हॉटेल. पत्र्याचं शेड, तीन बाकडी आणि एक रेडिओ, पण पाटीवर हॉटेल लिहिलंय म्हणून हॉटेल. नगरहून दुपारच्या गाडीने पेपर यायचा तो आधी माझ्याकडे. म्हणून आबांचं बसणं-उठणं माझ्याकडे. त्यांची बायको, आमच्या सगुणाकाकू, जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरी जाऊन करणार काय? सकाळी एकदा येऊन बसले की उन्हं उतरेपर्यंत हलायचे नाहीत. आणि दिवसभर ते काय बोलतील याची धास्ती मला. माझा स्वभावच भित्रा आहे. कुणी मोठ्याने बोललं की मी बाकड्याआड होतो, मग ते माझ्याशी बोलत असोत की म्हशीशी.

आता ज्या पुढाऱ्याची ही गोष्ट, त्यांचं नाव मी सांगणार नाही. तेव्हाही आम्ही घेत नव्हतो. दिल्लीत फार मोठ्या जागेवर होते. नुसतं 'साहेब' म्हटलं की गावाला कळायचं. पेपरात रोज त्यांचा फोटो यायचा, कधी माईकसमोर, कधी हार घालून, कधी हात उंचावून. आणि आबांचं दुर्दैव असं, की एकाही फोटोत पाय नसायचे. सगळे कमरेपर्यंत!

पहिले काही महिने आबा नुसते कुरकुरले. मग त्यांना संशय यायला लागला.

"बबन, ह्ये मुद्दाम कापत्यात."

"आबा, पेपरात जागा नसते. कमरेवरचाच छापतात."

"परवा त्या पैलवानाचा छापला की बोटापस्तोर. ह्याचाच का न्हाई? ज्याचं पाय लपिवत्यात त्यात कायतरी काळंबेरं आसतंय. बाजारात बैल गवतात हुभा करून दावतो त्यो मानूस लबाड."

त्यात ते लढाईचं वर्ष. रात्री दिवे झाकायचे, कंदिलाच्या काचेला काळा कागद लावायचा. नगरहून लष्कराच्या गाड्या रस्त्याने जायच्या. गाडी दिसली की आबा बाकड्यावरून उठून उभे राहायचे आणि शेवटची गाडी जाईपर्यंत बसायचे नाहीत. एकदा टायर पंक्चर होऊन एक गाडी माझ्या दारात थांबली. आबांनी सगळ्या जवानांना माझा चहा पाजला, वर भजी दिली, आणि पैसे द्यायला निघालेल्या सुभेदाराला म्हणाले, "हॉटेल आपल्याच पोराचं हाय." पोरगा म्हणजे मी. पेपरात जवानांचा चालतानाचा फोटो आला तेव्हा आबांनी अंगठा ठेवलाच नाही. बुटांकडे बघितलं, तोंडांकडे बघितलं, आणि पेपर घडी करून कपाळाला लावला.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी रेडिओवर साहेबांचं भाषण झालं. देशासाठी त्याग करा, पोटाला चिमटा घ्या, असं. आवाज असा की माझ्या बायकोने चुलीपुढे बसून डोळे पुसले. हॉटेल भरलं होतं. आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बोलला झ्याक. पर ह्यो ओडायला आलाय का खायला? ह्याची माया देशावर हाय का गव्हानीवर, त्ये कसं कळायचं?"

थांब्यावर एक पोलीस हवालदार उभा होता. त्याने मान वळवून शेडकडे पाहिलं. बस्स, माझ्या हातातली सगळी साखर चुलीत! हवालदार दुसऱ्या दिवशी चहा प्यायला आला. तिसऱ्या दिवशीही आला. चहाच प्यायला येत होता, हे मला चौथ्या दिवशी कळलं. तोपर्यंत मी त्याच्याकडून पैसे घेतले नव्हते.

"आबा, लढाई चालू आहे," मी हात जोडून म्हणालो, "आता तरी गप्प बसा. लोक तुम्हालाच देशाचा वैरी म्हणतील."

"म्हनू दे की. मी काय त्येला चोर म्हनतो का? मी इचारतो. बाजारात बैलाला चालिव म्हनलं तर मालकाला राग यितो का? ज्याला राग यितो त्याचाच बैल लंगडा निघतो."

बोलायला गेलं की ते माझ्याच पायांकडे बघायला लागायचे.

बरं, आबांच्या विचारण्याची किंमत गावाने एकदा मोजली होती. आधीच्या साली ओढ्यावरचा पूल मंजूर करायला एक आमदार आले होते. भाषण रंगात आलं आणि आबा उठून म्हणाले, "सायेब, जरा येवड्या सपाटीला चार पावलं चालून दावा." आमदारांना संधिवात होता. त्यांना वाटलं, गावाने मुद्दाम अपमान केला. पूल शेजारच्या गावाला गेला. तिथे ओढाच नाही. आजही तो पूल कोरड्या रानात उभा आहे, आणि आम्ही पावसाळ्यात चपला हातात घेऊन पलीकडे जातो.

मग तो दुष्काळ आला.

पाऊस पडलाच नाही म्हणा ना. विहिरींचे तळ दिसले. माणसं खडी फोडायला गेली, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, निभावलं. माणूस काहीतरी करून निभावतो. पण जनावरांचं काय? लोक बैल घेऊन घोडेगावला जायचे आणि तिथे खाटकाशिवाय गिऱ्हाईक नसायचं. आबा त्या वर्षी बाजाराला गेले नाहीत. "तिथं चालवून बघायला कोन ऱ्हायलं न्हाई," म्हणाले, "नुसतं उचलून बघत्यात."

अशात आमच्या गावाच्या माळावर सरकारने जनावरांची छावणी उघडली. बांबू, पाचटाचे मांडव आणि लांबच लांब दावणी. पुणतांब्याकडच्या उसाच्या पट्ट्यातून वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या ट्रकने यायच्या. ट्रकचा आवाज आला की पाच गावची जनावरं एकदम हंबरायची. माझी म्हैस काशी तिथेच होती. काशीवर माझा चहा, चहावर माझं घर. आणि आबांचा एक बैल होता, हौशा.

हौशा हा आमच्या गावाचा कायमचा विनोद. म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेलं, आणि मागच्या पायाने ठार लंगडा. जगाला पाय बघून बैल घेऊन देणाऱ्या माणसाच्या दावणीला हा! लोक विचारायचे, "आबा, ह्याला चालवून बघितला नव्हता व्हय?" आबा म्हणायचे, "इकायचाच हाय. गिऱ्हाईक पटंना." वर्षानुवर्षं पटत नव्हतं. छावणीत खाटकाचा माणूस येऊन दोनदा विचारून गेला, तरी पटलं नाही. दुपारी माझ्याकडून उठून आबा छावणीत जायचे, वाढं बारीक तोडून हौशाला हाताने भरवायचे, कारण त्याचे दात झिजले होते. आम्हाला वाटायचं, वेळ जात नाही, करतात काहीतरी.

छावणीची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपत होती. सरपंच तात्या नगरला खेटे घालून थकले. वाढवून मिळेल असं कुणी म्हणेना. आणि एका सकाळी जीप आली, तात्यांशी काही बोलून गेली, आणि तात्या धावत माझ्या हॉटेलात आले. तात्यांचं वजन बघता ते धावतात हीच बातमी होती.

"साहेब यिनार हायेत! आपल्या छावनीत! सवता! परवाला!"

हॉटेलात जल्लोष झाला. तात्यांनी हात वर केला. "समदं त्यांच्या हातात हाय. त्यांना पसंत पडलं तर छावनी पावसापस्तोर चालंल. न्हाई तर आठ दिवसांत दावनी सुटल्या म्हनून समजा."

मग सगळ्यांनी एकदम कोपऱ्यातल्या बाकड्याकडे बघितलं. आबा पेपर घेऊन बसले होते. अंगठा फोटोवर तसाच होता. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी कधी बघितलं नव्हतं.

"सवता यिनार?" आबा म्हणाले. "पायासकट?"

त्या दोन दिवसांत गाव आबांच्या विनवण्या करत होतं. तात्या गेले, तलाठी गेले, भजनी मंडळातली म्हातारी माणसं गेली. आबा सगळ्यांना गूळपाणी द्यायचे आणि म्हणायचे, "मी शिवी द्यायचा न्हाई. आवाज चढवायचा न्हाई. निस्तं इचारनार. म्हननार, सायेब, तुमची माया देशावर हाय का खुर्चीवर? आन चार पावलं चालून दावा. येवडंच."

"येवडंच!" तात्या कपाळावर हात मारून म्हणाले. "आबा, पाच गावची जनावरं हायेत."

"म्हनून तर. पाच गावची जनावरं ज्याच्या हातात द्यायची त्याला बघून घ्याया नको?"

शेवटी तात्यांनी मला बाजूला घेतलं. आबांच्या शेजारी मी उभं राहायचं. ते तोंड उघडतील असं दिसलं, की तंबाखू मळून हातावर द्यायची. कारण आबांचा एक नेम होता. जनावरांसमोर थुंकायचं नाही. तोंडात तंबाखू असली की ते छावणीत बोलतच नसत, नुसते 'अं अं' करत. "बबन, गाव तुज्या चिमटीत हाय," तात्या म्हणाले. मला त्या रात्री झोप लागली असेल असं वाटतं का तुम्हाला? बायको म्हणाली, "तुम्ही तंबाखू मळून मळून सालटी काढाल हाताची." अंथरुणात मी तेच करत होतो म्हणे.

तो दिवस उजाडला. मांडव झाडले, जनावरं धुतली. धुतली म्हणजे काय, पाणी कुठे होतं? ओल्या फडक्याने पुसली. आबांनी धुवट धोतर नेसलं होतं, पटका बांधला होता. हौशाच्या दावणीशी जाऊन उभे राहिले. शेजारी मी. उजव्या मुठीत मळलेली तंबाखू, डाव्या मुठीत राखीव तंबाखू.

उन्हं चढली आणि धुळीचा लोट दिसला. गाड्या थांबल्या. साहेब उतरले, पण दिसतील तर शपथ! भोवती अधिकारी, पोलीस, फोटोवाले आणि तात्या. पाय तर कुणाचे कोणते तेच कळत नव्हतं. आबा टाचा उंच करून बघायला लागले, मग खाली बसून लोकांच्या पायांमधून बघायला लागले. "त्या पांढऱ्या चपला का रं?" "आबा, त्या मामलेदाराच्या." "मग त्ये बूट?" "तो ड्रायव्हर." मी त्यांना दंडाला धरून उठवत होतो, ते परत बसत होते.

घोळका एकेक दावण बघत पुढे सरकत होता. साहेब हिंदीत बोलत होते, पण कळत होतं. वाढं किती येतं विचारलं, पाण्याचं विचारलं. माझ्या काशीच्या पाठीवरून हात फिरवला. खोटं कशाला बोलू, मला माणूस बरा वाटला. मी डावी मूठ जरा सैल सोडली, आणि तेवढ्यात ते हौशासमोर येऊन थांबले.

"हा बैल काम करतो?" त्यांनी विचारलं.

छावणीवरचे अधिकारी घाईने म्हणाले, "नाही साहेब. म्हातारा आहे. लंगडा आहे."

साहेबांनी हौशाकडे नीट बघितलं. मग शांतपणे म्हणाले की चारा थोडा आहे. तो कामाच्या बैलांना मिळाला तर पुढच्या सालची पेरणी होईल. अशी जनावरं छावणीत ठेवून कसं चालेल? रागाने नाही म्हणाले. हिशेबाने म्हणाले. अधिकारी म्हणाले, "आजच काढतो, साहेब." आणि माझ्याकडे वळून, कारण मीच जवळ होतो, "मालक कोण याचा? संध्याकाळच्या आत घेऊन जायचा."

छावणीतून काढलेलं जनावर कुठे जातं हे सगळ्यांना माहीत होतं. खाटकाची गाडी माळाच्या कडेला उभीच असायची.

आबा पुढे झाले. मधली माणसं आपोआप बाजूला झाली. साहेब आणि आबा समोरासमोर, मध्ये कुणी नाही. तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी मूठ उघडून तंबाखू पुढे केली. आबांनी माझा हात बाजूला सारला. त्यांचे ओठ हलले. झालं, मी मनात म्हणालो. गेली छावणी, गेली काशी.

आबांनी पटका काढला, काखेत धरला, आणि वाकून साहेबांच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं.

"सायेब," ते तिथूनच म्हणाले, "तुमच्यावानी देशावर माया करनारा मानूस मी बघितला न्हाई. तुमी हाय म्हनून आमी हाय. येवडा एक बैल ऱ्हाऊ द्या. त्याचा चारा माज्या वाटनीतला काडतो, मी उपाशी ऱ्हातो, पर ऱ्हाऊ द्या."

कुणालाच काही कळेना. एखाद्या माणसाला आपण जन्मभर ओळखावं आणि तो तिसऱ्याच आवाजात बोलावा, तसं वाटलं. साहेबांना कुणीतरी त्याचं हिंदी करून सांगितलं. ते हसले, आबांना खांद्याला धरून उठवलं, आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, "राहू द्या." फोटोवाल्याने फोटो घेतला. आणि गाडीत बसता बसता साहेब तात्यांना म्हणाले, की छावणी पाऊस पडेपर्यंत चालेल, काळजी करू नका.

गाड्या गेल्या आणि गावाने आबांना खांद्यावर घेतलं. खरोखर घेतलं. तात्या रडत होते. "आबा, तुमी राजकारनातच पायजे हुता!" असं म्हणून त्यांनी आबांच्या तोंडात पेढा कोंबला. आबांनी तो गिळला की नाही मला दिसलं नाही. त्यांना खाली ठेवल्यावर ते पटका न बांधताच चालायला लागले.

फोटो दोन दिवसांनी पेपरात आला. पहिल्या पानावर. आणि नवल म्हणजे त्यात साहेब नखशिखांत होते. कमरेला कापले नव्हते. पाय आले होते, म्हणजे आले असते. त्यांच्यावर आबांचं डोकं होतं. खाली लिहिलं होतं, कृतज्ञ शेतकरी. हॉटेलात पोरांनी पेपरावर उड्या टाकल्या. कुणी अंगठा ठेवून आबांची नक्कल केली, कुणी म्हणालं, आबा आता साहेबांच्या पार्टीत गेले. मीही हसलो. सुटका झाल्यावर हसू येतंच माणसाला. पण कोपऱ्यातलं बाकडं रिकामं होतं. आदल्या दिवशीही रिकामं होतं.

दुपारी मी किटलीत चहा घेतला आणि छावणीत गेलो. आबा हौशाच्या पुढ्यात बसून वाढं तोडत होते. मी पेला भरून दिला. त्यांनी शेजारी ठेवला.

"आबा, हॉटेलात का आला नाहीत?"

"त्या दिवशीपासनं समदी लई गोड बोलाया लागली," ते म्हणाले. "मला त्ये सोसंना."

हौशाने त्यांच्या हातातलं वाढं ओढून घेतलं. ते त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाले, "ह्यो तुज्या काकीनं घेतलेला. येकदाच आली माज्यासंगं बाजाराला. म्हनली, ह्याचं तोंड बगा, किती गरीब हाय. मी म्हनलं, मागचा पाय बग, जलमाचा लंगडा हाय. तर म्हनली, सगळ्यांनी पायच बघितला तर ह्याला कोन नेनार? घेतला मग. काय करतो! ती गेल्यापासनं घरात तिला वळखनारं ह्ये येकच ऱ्हायलंय."

विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, "ते असू द्या. पण साहेबांचे पाय तरी बघायला मिळाले ना? अगदी नाकासमोर होते. कसे होते?"

"बघितलंच न्हाई."

"म्हणजे?"

"डोळं गच मिटून घेतलं हुतं." आबा वाढ्याचं टोक नखाने सोलत होते. "म्हनलं, बघितलं आन ढिलं दिसलं, तर मी खोटं बोललो आसं व्हईल. न बघता बोललो तर निदान खरं आसायची आशा ऱ्हाती."

मांडवात गरम वारा फिरत होता. पलीकडे माझी बायको काशीचं दूध काढत होती, त्याचा आवाज येत होता.

"बबन, वरीसभर मी भांडलो ते काय त्याचं माजं वैर हुतं? येवडा मुलूख ज्याच्या हातात हाय, त्यो मानूस चांगला निघावा, आसंच वाटत हुतं रं मला. आसंल बी चांगला. बैलाला ऱ्हाऊ द्या म्हनलाच की. पर मी इचारलंच न्हाई. आता मरंपस्तोर मला त्ये कळायचं न्हाई."

"जाऊ द्या आबा. छावणी वाचली. हौशा वाचला."

"व्हय, वाचला." त्यांनी हातातलं वाढं खाली ठेवलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. पायांकडे नाही, तोंडाकडे. "मी जलमात येक डाव गप बसलो, तर तीन दिस झालं, घास उतरंना. तुमी तर समदी रोज गप आसता. तुला कसं जमतं रं, बबन?"

टोमणा असता तर मी उलटून बोललो असतो, माझी जीभ काही कमी नाही. पण ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते, एखाद्या जाणत्याला विचारावं तसं. 'सवय होते, आबा,' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते म्हणायची मला इतकी लाज वाटली की मी मान खाली घातली.

"चहा गार होतोय," मी म्हणालो.